नवतपातली प्रार्थना

देवा, मे सरत आलाय, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेलाय आणि वरणगावात नवतपा सुरू झालाय. पारा 45 अंशांच्या पुढे गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. या उन्हाची तक्रार घेऊन मी आलेलो नाही. या उन्हातही तू आम्हाला जगवतोस कसं, हे थोडं थोडं कळू लागलंय, म्हणून आधी तुला नमस्कार करायला आलोय.

ओसरीतल्या माठाला बाहेरून हात लावला की बोटांना ओल लागते. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, कोरड्या वाऱ्याला लागून त्याची वाफ होते आणि जाणारं पाणी मागे राहिलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत माठ एवढा गार होत नाही. आमच्या खानदेशात होतो, कारण इथला वारा कोरडा ठणठणीत. जी झळ आमचं अंग भाजते तिच्याच हातून तू आमचा माठ गार करून घेतोस. तुझी ही करणी पाहिली की हात आपोआप जोडले जातात.

देवा, एक ग्रॅम पाणी 0 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी पुरतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायची तर आणखी 540 लागतात, आणि तेवढा सगळा वेळ तापमापीतला पारा तसूभरही हलत नाही. बर्फाचंही तेच. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी पोटात घेतो आणि अंश मात्र शून्यच दाखवतो. ही उष्णता जाते कुठे, हा प्रश्न ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकला 1760 च्या सुमारास पडला आणि त्यानं तिचा माग काढला. आमची मुलं शाळेत तिला अप्रकट उष्मा म्हणतात. कणांना एकमेकांच्या पकडीतून सोडवण्यात ती खर्ची पडते. वाया मात्र जात नाही. वाफेचं पुन्हा पाणी झालं की पै न पै परत मिळते. तुझ्या वहीत कुणाची मेहनत बुडत नाही, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

तुझ्या आरतीतला कापूर तर वितळायचीही वाट पाहत नाही. डबीत ठेवला तरी स्थायूचा थेट वायू होत झिजतो, म्हणून घरोघरी त्यात मिरे टाकून झाकण घट्ट लावतात. निरांजनाजवळ नेला की त्याची वाफच ज्योत होते आणि मागे राख उरत नाही.

इथून जवळच दीपनगरच्या वीज केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत. तिथे पाण्याची वाफ होते, 500 अंशांवर तापते, चक्र फिरवते, गार होऊन पुन्हा पाणी होते आणि परत कामाला लागते. देवा, त्या बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसांना सांभाळ. आमचा पंखा त्यांच्या घामावर फिरतो. आमच्या गावच्या आयुध निर्माणीत 1964 पासून काडतुसं बनतात. तांबं आणि जस्त वितळून एकजीव झाली की काडतुसाचं पितळ होतं. आतली दारू जळून क्षणात वायू होते, आणि त्या क्षणाचा धाक काम करणाऱ्याच्या घरी रोज असतो. जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट झाला आणि कामावर गेलेली माणसं घरी परतली नाहीत. त्यांच्या लेकराबाळांवर तुझी सावली राहू दे. पाळीवर जाणारा प्रत्येक जण पाळी संपवून सुखरूप घरी येऊ दे.

समुद्रानं सोसलेलं ऊन वाफेत भरून आता आमच्याकडे निघालं असेल. सातपुड्यावर ती वाफ निवून पुन्हा पाणी होईल, दडवलेली उष्णता आभाळात सोडेल, त्या उबेनं ढग आणखी वर चढतील आणि पाऊस पडेल. देवा, तो बेतानं पाठव. चांगदेवला तापी-पूर्णा भेटतात, तिथून पाणी हतनूरला येतं. धरणाचे 41 दरवाजे उघडायची वेळ आली तर काठची घरं आधी सावध होऊ देत. गारा करून मात्र तो पाठवू नकोस. घडाला आलेली केळीची बाग गारपीट एका घटकेत फाडून टाकते, आणि शेतकऱ्याचं वर्ष मातीत जातं.

आता माझं मुख्य मागणं. हवा 45 अंशांवर गेली की ती अंगापेक्षाही तापलेली असते. मग 37 अंशांचं शरीर गार राखायला एकच वाट उरते, घामाची वाफ होण्याची. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी घेऊन जातो. केळीच्या बागेत राबणाऱ्या सालदाराच्या अंगातून, डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी असं जाऊ शकतं. ते भरून निघालं नाही की घाम आटतो, अंग तापतं आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. तुझी व्यवस्था चोख आहे, देवा. तिला लागणारं पाणी पोहोचवणं मात्र तू आमच्यावर सोपवलंयस, आणि तिथेच आम्ही कमी पडतो.

म्हणून ज्यांच्या हाताखाली माणसं राबतात त्यांना सुबुद्धी दे. बारा ते चार काम थांबवायचं मोठं मन दे. थांबलेल्या तासांची मजुरी न कापण्याची दानत दे. बांधावर सावलीत भरलेला माठ आणि चिमूटभर मीठ-साखर ठेवायची आठवण दे. उष्माघातानं कुणाला भोवळ आली तर तो नाटक करतोय असं कुणाच्या तोंडून निघू देऊ नकोस. पाऱ्यावर न दिसणारी उष्णता तू मोजतोस, तशी हजेरीच्या वहीत न दिसणारी मेहनत मोजायला आम्हालाही शिकव. माझ्या दारापुढून जाणाऱ्या रस्त्यावर डांबर टाकणारे हात आहेत. उद्या ऊन चढायच्या आत त्यांच्यासाठी भरलेला रांजण दारात ठेवायचा आळस मला होऊ देऊ नकोस.