देणारा आणि घेणारा

कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले आणि नावही मागे ठेवले. त्यात वावगे काय? दोन हजार वर्षांनी आम्ही मावळातले मास्तर मुलांना तीच नावे वाचून दाखवतो.

पण घेणाराच जन्माला आला नसेल, तर देणे कुणासाठी?

२०२५ साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. मंदाकिनी म्हणजे आपली आकाशगंगा, म्हणून हिचे नाव अलकनंदा. हिला दोन रेखीव भुजा आहेत. (आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून ताऱ्यांचा दांडाही गेला आहे.) तिचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षे वाटचाल करीत आला. तो निघाला तेव्हा पृथ्वीच काय, सूर्यही नव्हता!

याला दान म्हणवत नाही. दानाला इच्छा लागते. ऋण मात्र दात्याच्या इच्छेवर थोडेच अवलंबून असते? नदीने कुठे ठरवून पाणी पाजले? तरी तिच्यात घाण टाकणाऱ्याला आपण दोष देतोच. मग लोणावळ्यातल्या बंगल्यांवर रात्रभर जळणारे झोत आकाश पुसून टाकतात, त्यांना आपण हौस का म्हणावे?

लक्ष्मीपूजन अमावास्येचे. पणत्या विझल्यावर पवन मावळातल्या काळोख्या शिवारातून आकाशगंगेचा फिकट पट्टा अजून दिसतो. झोताच्या अंगणातून दिसत नाही.