साधारण स्वभावाचा मनुष्य

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ खालील अनुमतीपत्रांवर मी किती सह्या केल्या असतील, याची मोजदाद ठेवलेली नाही. भाद्रपद आला की अर्जांचा गठ्ठा मेजावर येई. पाठोपाठ नवरात्र, मग लग्नसराई. ध्वनिक्षेपकाची वेळ, जागा, आवाज मर्यादेत ठेवण्याची अट, असा छापील मसुदा ठरलेला होता. सही करण्यापूर्वी विचार करावा असे त्यात काही आहे, असे तेव्हा वाटत नसे.

एका तालुक्याच्या गावी असताना एक गृहस्थ भेटीस आले. मांडवाचा कर्णा त्यांच्या माडीच्या खिडकीसमोर बांधलेला होता आणि आत वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. मी नियमाप्रमाणे म्हटले, ‘‘लेखी द्या, लगेच बंद करवितो.’’ त्यांनी कागद घेतला, चार ओळी लिहिल्या, थोडा वेळ त्याकडे पाहत बसले आणि घडी करून खिशात ठेवला. मांडव दहा दिवसांनी उठेल, आपल्याला मात्र त्याच मोहल्ल्यात राहायचे आहे, असे म्हणून ते उठले. मीही आग्रह केला नाही. पुढल्या वर्षी त्याच मंडळाच्या अर्जावर कनिष्ठ लिपिकाने टिपणी लिहिली की, गतवर्षी कोणतीही तक्रार प्राप्त नाही. टिपणी अक्षरशः खरी होती आणि तिच्याच आधारे मी सही केली.

निवृत्तीनंतर हा प्रसंग वारंवार आठवतो. गोंगाटाचा अपराध इतर अपराधांसारखा नाही. चोराने नेलेली वस्तू मोजता येते. हिरावलेली झोप कशी मोजावी? १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९५ ने यासाठी एक माणूस कल्पिला होता. साधारण समजुतीचा आणि साधारण स्वभावाचा मनुष्य ज्या क्षुल्लक त्रासाबद्दल तक्रार करणार नाही, तो त्रास अपराध नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीतही हा माणूस कलम ३३ मध्ये सुखरूप आहे. हा कोण? त्याच्या घरी अर्धांगवायूचा रोगी आहे काय? त्याची मुलगी बारावीला आहे काय? कायद्याला तसे म्हणायचे नसावे. पण व्यवहारात ‘साधारण’ म्हणजे बहुसंख्यांसारखा असा अर्थ होतो आणि बहुसंख्य तर मांडवात नाचत असतात.

तत्त्वज्ञांनाही हा उपद्रव चुकला नाही. इमान्युएल कांटने १७९० मधील आपल्या सौंदर्यविचाराच्या ग्रंथात संगीताला थोडी असभ्यच कला म्हटले आहे, कारण ती बोलावले नसताना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोचते. नको ते दृश्य असेल तर डोळे वळवावेत. पण भरगच्च अत्तर लावलेला रुमाल कोणी खिशातून काढला, तर आसपासच्या सर्वांना तो हुंगावाच लागतो, तसे हे. त्याच्या घराजवळच्या तुरुंगातील कैदी मोठ्याने भजने म्हणत. तेव्हा १७८४ साली त्याने आपल्या ओळखीच्या नगराध्यक्षाला पत्र लिहून बंदोबस्ताची विनंती केली होती. युक्तिवाद मला पूर्ण पटतो. फक्त एवढेच मनात येते की कांटला नगराध्यक्ष ओळखत होता, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते कोठडीत होते. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांची स्थिती नेमकी उलटी होती.

केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी या साधारण माणसाच्या जागी आकडा आणला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. आकड्याला जात, पंथ, मोहल्ला नसतो हा मोठाच लाभ. पण यंत्र ठाण्यात आणि आवाज गल्लीत. यंत्र पोचेपर्यंत कर्णा खाली केलेला असतो. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर विस्तृत निकाल दिला. तो लिहिणारे तत्कालीन सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आमच्या गुन्याचे, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातले. त्या खटल्याच्या मुळाशी एक भीषण घटना होती : एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि ध्वनिक्षेपकांच्या गदारोळात तिच्या किंकाळ्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. हे वाचल्यापासून ‘क्षुल्लक’ हा शब्द मला जड जातो. गोंगाट कान किटवतो तेवढेच नव्हे. दुसऱ्याची हाक तो आपल्यापर्यंत येऊ देत नाही.

तरीही शांततेचा निर्भेळ कैवार मला घेता येत नाही. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या रस्त्यांवरून रात्रभर गिरण्यांच्या झाकी निघतात. हुकुमचंद गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, इतर गिरण्याही मिटल्या. कामगारांची थकबाकी मिळण्यास २०२३ उजाडले. झाकी मात्र निघत राहिल्या. वर्षभर ज्यांचे कोणी ऐकत नाही, त्यांनी एका रात्री शहराला जागे ठेवले तर त्याला कोलाहल म्हणावे काय? रंगपंचमीची गेरही तशीच. ती नसलेले इंदूर मला ओळखू येणार नाही. नियमांतही वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, सण-उत्सवांसाठी, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. न्यायालयानेही ती वैध ठरवली. आता ते पंधरा दिवस कोणाचे? मी शोधायला बसलो, तेव्हा जाणवले की माझ्या कानांना गणपतीचा ढोल कधी गोंगाट वाटला नव्हता, आणि दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळाचा भोंगा किंवा परक्या वरातीचा बँड चटकन वाटत असे. कान तेच, पट्टी निराळी. माझ्या सह्यांवर या पट्टीचा परिणाम झालाच नसेल, असे शपथेवर सांगणे मला अवघड आहे.

फरक कोठे करावा? मला वाटते, आवाज किती मोठा यापेक्षा त्याला ‘आता पुरे’ म्हणता येते की नाही, ते पाहावे. झाकी दारावरून पुढे जाते. भिंतीला टेकलेला डीजे जात नाही. वाजवणाऱ्याला सांगता येत असेल तर तो उत्सव. सांगण्याचेच भय वाटत असेल तर तिथे डेसिबल मोजून काही उपयोग नाही. मात्र हे भय कोणत्या नियमात बसवावे, ते मला सुचलेले नाही. निनावी तक्रारींचा निकाल कसा लागतो, ते मी सेवेत पुष्कळ पाहिले आहे.

गेल्या गणेशोत्सवात आमच्याच गल्लीतील मंडळाने डीजे लावला. पत्नीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली होती आणि तिला झोपेची गरज होती. वर्गणीला आलेल्या मुलाला मी पावती फाडताना म्हटले, ‘‘रात्री जरा आवाज कमी ठेवा रे.’’ ‘‘हो काका,’’ म्हणून तो पाया पडून गेला. दोन रात्री आवाज खरोखर कमी होता. तिसऱ्या रात्री साडेअकरापर्यंत तावदाने थरथरत होती. ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक मला पाठ आहे. मी खिडकी लावून घेतली, तिच्या उशाशी बसलो, आणि लेखी काही दिले नाही.