जखमींचं देणं

३ ऑक्टोबर १९९३. सोमालियाची राजधानी मोगादिशू. एका अमेरिकन सैनिकाच्या मांडीत गोळी शिरली आणि वरच्या दिशेनं गेली. मांडीची मोठी धमनी तुटली. तुटलेली धमनी आखडते आणि तिचं टोक वर, कटीच्या पोकळीत सरकतं. टूर्निकेट, म्हणजे रक्त रोखायला आवळायचा पट्टा, जखमेच्या वर बांधावा लागतो. इथं जखमेच्या वर आवळायला पाय उरलाच नव्हता. सोबतच्या सैनिकी वैद्यकानं जखमेत हात घातला आणि ते टोक बोटांनी चाचपत शोधलं, कारण एकदा ते चिमट्यात सापडलं असतं तर रक्त थांबलं असतं. ते सापडलं नाही. भोवती गोळीबार चालू होता, हेलिकॉप्टर उतरवणं शक्य नव्हतं. सैनिक काही तास जगला आणि मग गेला.

त्या लढाईत अठरा अमेरिकन मारले गेले. त्यांच्या एकेका जखमेचा पुढे बारकाईनं अभ्यास झाला. जांघेत, काखेत, म्हणजे पट्टा बांधताच येत नाही अशा जागी रक्त कसं रोखायचं, यावर अफगाणिस्तानच्या युद्धाच्या काळात खास दाबयंत्रं तयार झाली. रक्त गोठवणाऱ्या औषधानं भिजवलेल्या पट्ट्या आल्या. त्याच लढाईत सोमाली माणसं शेकड्यांनी मेली. त्यांची नेमकी मोजदादसुद्धा झाली नाही.

शल्यचिकित्सेच्या इतिहासातला सर्वांत अवघड नैतिक प्रश्न इथून सुरू होतो. एक माणूस मरतो आणि त्याच्या मरणातून दुसऱ्याला वाचवायची विद्या मिळते. मरणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. त्यानं शिकवायचं कबूल केलेलं नसतं. तरी शिकवणी झालेली असते. मग ही विद्या कुणाची, आणि तिचं देणं कुणी, कुणाला फेडायचं?

यावर एक जुनं आणि सोपं उत्तर आहे. शल्यचिकित्सा शिकायची असेल तर सैन्यामागे जावं, हा सल्ला हिपोक्रॅटिसच्या नावावर सांगितला जातो, आणि तो आजही व्याख्यानांत आदरानं उच्चारला जातो. त्याच्या पोटात एक समजूत दडलेली असते: युद्ध वाईट खरं, पण निदान वैद्यकाला काही देऊन जातं. ही समजूत तपासून पाहिली की टिकत नाही.

पहिल्या महायुद्धाचं उदाहरण घ्यावं. १९१६ साली पश्चिम आघाडीवर मांडीचं हाड गोळीनं मोडलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास दगावत असल्याचं सांगितलं जातं. मोडलेल्या हाडाची टोकं स्ट्रेचरच्या प्रत्येक धक्क्याबरोबर मांसात घुसत, आत रक्त साचत राही. १९१७ मध्ये अरासच्या लढाईत पाय जागच्या जागी ताणून स्थिर धरणारी एक लोखंडी चौकट सर्रास वापरली गेली आणि मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं. ही थॉमस स्प्लिंट. पण ती युद्धात जन्मलेली नव्हती. लिव्हरपूलमध्ये गोदी कामगार आणि गरिबांवर उपचार करणाऱ्या ह्यू ओवेन थॉमस यांनी ती १८७०च्या दशकात, शांततेच्या काळात बनवली होती. त्यांचा भाचा रॉबर्ट जोन्स यांनी ती सैन्यापर्यंत नेली. मधली चाळीसेक वर्षं तिची कुणाला फारशी दखल घ्यावीशी वाटली नव्हती. जी गोष्ट आधीच ठाऊक होती ती पटायला इतके तरुण मरावे लागले, एवढंच युद्धानं केलं.

टूर्निकेटचंही तसंच. पॅरिसच्या झाँ-लुई पेती यांनी १७१८ मध्ये स्क्रूनं आवळायचा पट्टा केला. पुढे तासन्‌तास बांधून ठेवलेल्या पट्ट्यांनी हातपाय गमावल्याच्या हकिकती साठत गेल्या आणि हे साधन बदनाम झालं. व्हिएतनाममध्ये अडीच हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक केवळ हातापायाच्या जखमांतून रक्त जाऊन मेले. हा निष्कर्ष १९७० पासून छापील स्वरूपात उपलब्ध होता. तरी १९९६ मध्ये फ्रँक बटलर आणि सहकाऱ्यांनी रणांगणावरच्या प्रथमोपचाराची नवी पद्धत मांडली, तेव्हा टूर्निकेट आधी वापरा हे सांगणं बंडखोरीचं वाटलं. पुढे इराक युद्धाच्या काळात बगदादच्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात जॉन क्रॅग यांनी मोजून दाखवलं: रक्तदाब कोसळण्याआधी पट्टा बांधला तर दहांतले नऊ जगत, कोसळल्यावर बांधला तर दहांतला एक. केवळ पट्ट्यामुळे पाय गेला असं त्यांच्या रुग्णांत एकही उदाहरण नव्हतं.

तेव्हा शिकवतं ते युद्ध नव्हे. शिकवतो तो थांबून पाहणारा माणूस. १५३७ मध्ये फ्रेंच सैन्याबरोबर इटलीत गेलेला तरुण आम्ब्रोझ पारे याचं उदाहरण म्हणूनच मनात राहतं. बंदुकीची जखम विषारी असते, ती उकळत्या तेलानं डागावी, हा त्या काळचा नियम. एका दिवशी तेल संपलं. त्यानं नाइलाजानं अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन कालवून उरलेल्यांच्या जखमांना लावलं. रात्रभर त्याला झोप आली नाही. हे सगळे विषानं मेलेले सापडतील या धास्तीनं तो पहाटेच उठून पाहायला गेला. ज्यांना तेल मिळालं नव्हतं ते शांत झोपले होते. ज्यांना डागलं होतं ते तापानं फणफणत होते, जखमा सुजल्या होत्या. गोळ्या झाडणाऱ्यांचं या ज्ञानात काहीही श्रेय नाही. श्रेय आहे त्या न झोपण्याला.

मग दोष कुठे धरायचा? विसरण्यात. ब्रिटनच्या नौदलातले सर्जन अलास्डेअर वॉकर यांच्या नावानं लष्करी वैद्यकात एक आलेख ओळखला जातो. युद्धाच्या शेवटी जखमींची काळजी उत्तम झालेली असते. तह होतो, तंबू गुंडाळले जातात, अनुभवी सर्जन निवृत्त होतात, आणि पुढच्या युद्धातल्या पहिल्या जखमींना मागच्या युद्धातल्या शेवटच्या जखमींपेक्षा वाईट उपचार मिळतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांतल्या रणांगणावरच्या ४,५९६ अमेरिकन मृत्यूंचा ब्रायन ईस्ट्रिज यांच्या गटानं अभ्यास केला. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी मेलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा वाचू शकला असता. त्या वाचू शकणाऱ्यांतले दहांतले नऊ रक्तस्रावानं गेले होते. त्यांतली काही, म्हणजे हातापायाच्या जखमांतून रक्त गेलेली, अशा कारणानं गेली ज्यावरचा इलाज आधीच्या मृतांनी शिकवून ठेवलेला होता.

याच काळात एक तुकडी वेगळी निघाली. अमेरिकन भूदलाच्या ७५व्या रेंजर रेजिमेंटनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस ठरवलं की नेमबाजी आणि कसरतीइतकंच प्रथमोपचाराचं शिक्षण महत्त्वाचं, आणि ते वैद्यकापुरतं न ठेवता प्रत्येक सैनिकाला, स्वयंपाक्यापासून कमांडरपर्यंत, द्यायचं. २००१ ते २०१० या काळात त्यांचे ३२ जण मेले. त्यांत रुग्णालयापूर्वी टाळता येण्याजोगा मृत्यू एकही नव्हता. त्यांच्याकडे काही गुप्त औषध नव्हतं. त्यांनी विसरायला नकार दिला होता.

पण शिकायचं तर कुणाच्या अंगावर? इथं प्रश्न पुन्हा टोचतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्माच्या सरावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि तो वाचताना त्यातली काळजी जाणवते. कापायचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडीवर. खरवडायचा सराव केस असलेल्या ताणलेल्या कातड्यावर. शीर टोचायचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. टाके घालायचा जाड कापडाच्या काठांवर. पट्टी बांधायचा कापडाच्या बाहुल्यावर. हे सगळं झाल्याखेरीज जिवंत माणसाला हात लावू नये, हा त्यामागचा धाक. आज भोपळ्याची जागा सिलिकॉनच्या पुतळ्यांनी आणि धडधडत रक्त फेकणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. काही सैन्यं भूल दिलेल्या डुकरांवर आणि शेळ्यांवर सराव करत आली आहेत, आणि त्याला होणारा विरोध पोकळ नाही.

तरी शेवटी माणसाचं शरीर लागतंच. अमेरिकेचं हवाई दल आपली पथकं बाल्टिमोरच्या शॉक ट्रॉमा सेंटरमध्ये पाठवतं, भूदल मायामीच्या रायडर सेंटरमध्ये. नौदलाची माणसं लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयात शिकत आली. अनेक देशांचे सर्जन जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतल्या बारागवनाथ रुग्णालयात जात, कारण गोळीच्या आणि सुऱ्याच्या जखमा तिथं रोज येत. याचा अर्थ सरळ आहे. शांततेच्या काळात लष्करी सर्जनचा हात तयार होतो तो मुख्यतः गरीब वस्त्यांतल्या, बऱ्याचदा काळ्या तरुणांच्या जखमांवर. त्यांना उपचार मिळतात, अनेकदा उत्तम मिळतात, म्हणून याला शोषण म्हणणं अन्यायाचं होईल. पण हा सौदा पूर्ण झाला असंही म्हणता येत नाही, कारण ज्या रस्त्यावर तो तरुण पडला तिथं ती विद्या अजून पोहोचलेली नसते.

अशा न फेडलेल्या देण्याची एक कहाणी पुण्याजवळची आहे. कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२च्या म्हैसूर युद्धात टिपूच्या सैन्यानं त्याला पकडलं आणि त्याचं नाक व एक हात कापला. वर्षभरानंतर पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक लावलं. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ साचा बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेनं रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवून भुवयांमधला देठ कायम ठेवून खाली वळवायची. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ऑक्टोबर १७९४ मध्ये हे वर्णन छापलं. जोसेफ कार्प्यू यांनी मृतदेहांवर दीर्घ सराव करून १८१४ मध्ये लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली आणि युरोपात चेहरा दुरुस्त करण्याच्या शास्त्राला नवी सुरुवात झाली. कावसजीचं नाव आणि चित्र उरलं. शस्त्र धरणाऱ्या त्या कारागिराचं नाव कुणी विचारलं नाही, आणि त्याच्या जातीच्या पोरांना वैद्यकाच्या शाळेचा दरवाजा पुढे कितीतरी काळ बंदच राहिला.

शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चार ऋणं घेऊन येतो असं म्हटलं आहे: देवांचं, ऋषींचं, पितरांचं आणि माणसांचं. पहिली तीन सगळ्यांच्या तोंडी असतात. चौथ्याचा उल्लेख कमी होतो. ऋषींचं ऋण अध्ययनानं फिटतं, माणसांचं दाराशी आलेल्याला अन्न आणि आसरा देऊन. जखमींकडून मिळालेली विद्या या दोन्ही ऋणांत मोडते. तिचं अध्ययन अखंड चालू ठेवणं हा फेडीचा एक भाग. पण ऋण देणारा मेलेला असतो, म्हणून फेड त्याच्यासारख्याच कुणाला तरी करावी लागते, आणि त्याच्यासारखा म्हणजे त्याच्या गणवेशातला, असा अर्थ लावला तर चौथं ऋण तसंच राहतं.

शीख परंपरेत आनंदपूरच्या वेढ्याची एक आठवण जपली आहे. भाई कन्हैया रणांगणावर जखमींना पाणी पाजत फिरत, शत्रूच्या जखमींनासुद्धा. तक्रार गुरू गोविंदसिंगांकडे गेली. कन्हैयांनी सांगितलं की मला सगळ्यांत तुमचाच चेहरा दिसतो. गुरूंनी त्यांना मलमाची डबी दिली, म्हणजे आता पाण्याबरोबर औषधही लावत जा. युद्ध चालू असताना, आपल्या बाजूची माणसं मरत असताना दिलेला हा निवाडा आहे. नेपोलियनच्या सैन्यातले सर्जन डॉमिनिक लारे यांनी हुद्दा न पाहता जखमेची तीव्रता पाहून क्रम लावायचा नियम केला, त्याच्या कितीतरी आधीचा.

भारतात या देण्याची जागा रणांगणाइतकीच महामार्ग आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. १९८९च्या परमानंद कटारा खटल्यामागची घटना अशी: गाडीनं उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयानं पोलिस प्रकरण म्हणून घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवलं, आणि तो वाटेत गेला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयानं बंधनकारक केली, २०१९च्या दुरुस्तीनं ती मोटार वाहन कायद्यात आली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका धावते. कायद्यानं भीती कमी केली, हे मोठंच काम झालं. हाताला काय करायचं हे मात्र कायदा शिकवू शकत नाही.

आणि ते शिकवणं अवघड नाही. २०१२च्या सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतर लष्करी अनुभवातून अमेरिकेत सामान्य लोकांसाठी ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम उभी राहिली. तिच्यात शिकवतात ते एवढंच: रक्त नेमकं कुठून येतंय ते कपडा फाडून पाहायचं, जखम खोल असेल तर स्वच्छ कापड बोटांनी थेट तळापर्यंत ठासायचं, दोन्ही हातांनी, कोपर ताठ ठेवून, अंगाचा भार टाकून दाबायचं, थांबलं का हे पाहायला मध्येच हात उचलायचा नाही, हातापायाला टूर्निकेट असेल तर जखमेच्या वर आवळायचा, दुखलं तरी सैल करायचा नाही, आणि वेळ लिहून ठेवायची. ट्रक थांबवणारे चालक, टोलनाक्यावरचे कर्मचारी, ढाब्यावरची पोरं, रुळांवर पडलेल्याला उचलणारे हमाल हे डॉक्टरच्या कितीतरी आधी जखमीपाशी असतात. पुण्यात १९४८ पासून सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तिथून जवळच आहे. शिकवणीची सुरुवात त्या मार्गावरच्या ढाब्यांपासून करता येईल, आणि एका तुकडीला एक दुपार पुरते.