लोभातून आलेला उपकार

पन्हाळ्यावर औषधाचं दुकान चालवणाऱ्यानं पाप-पुण्याच्या गोष्टी करू नयेत, असं आमचे कोल्हापूरचे स्टॉकिस्ट चेष्टेनं म्हणतात. पण तो विषय काउंटरवर आपणहून येतो. एकाच इंजेक्शनची दोन खोकी मी समोर ठेवतो. औषध तेच, कंपन्या वेगळ्या, किमतीत मोठा फरक. गडाखालच्या वाडीतले आजोबा स्वस्तातलं खोकं उलटसुलट करून विचारतात, "अण्णा, जोर तेवढाच हाय न्हवं?" मी हो म्हटलं की कंपनीला तोंडभर आशीर्वाद देतात. तो आशीर्वाद त्या कंपनीला लागू पडतो का?

आजोबांची कणव येऊन तिनं भाव उतरवलेला नसतो, तिला दुसऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक ओढायचं असतं. सेमाग्लुटाइडचं उदाहरण घ्या. मधुमेहावरचं आणि वजन उतरवणारं हे आठवड्याला एकदा टोचायचं औषध नोव्हो नॉर्डिस्कचं. त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. डॉ. रेड्डीज, सन, झायडस या कंपन्या त्या तारखेवर डोळा ठेवून कधीच्याच तयारीला लागल्या होत्या. यात भूतदया कुठं आहे?

गीता फळाची आशा सोडायला सांगते, ती कर्म करणाऱ्याच्या सुटकेसाठी. रुग्णाची साखर कंपनीचा हेतू विचारून उतरत नाही. लोभानं केलेल्या कामाचं पुण्य कंपनीला मिळो न मिळो, आजोबांचे पैसे वाचले हे खरंच. मात्र इंजेक्शन थेट शरीरात जातं. कुपी भरताना जंतू शिरला तर जिवावर बेततं. तपासनीस रोज येत नाही. तो नसताना हातमोजे बदलणाऱ्या कामगाराच्या सचोटीवरच सगळं उभं असतं, आणि ती स्पर्धेतून येत नाही.

नक्कल म्हणजे चोरी, असंही काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे ऋषिऋण मानतात: ज्ञान घेतलं तर पुढं देऊन फेडायचं. पेटंटचा कायदाही वेगळं काय सांगतो? कृती उघड लिहून द्या, २० वर्षं मक्ता घ्या, मग ती सगळ्यांची. शोधाला खर्च येतो, म्हणून मक्ता रास्त. पण मुदत संपल्यावरही तो लांबवायला बघणं म्हणजे ऋण बुडवणं. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी तर १९२३ मध्ये इन्सुलिनचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले.

माझी खरी तक्रार पुढंच आहे. संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून मुलांना वर्षानुवर्षं, साधारण तीन आठवड्यांनी, बेंझाथिन पेनिसिलिन टोचावं लागतं. औषध जुनं, पेटंट कुणाचंच नाही, बनवायला कुणालाही मोकळीक. पण नफा किरकोळ, म्हणून बनवणारे मोजके, आणि मागणी नोंदवूनही माल वेळेवर येईल याची खात्री नाही. भात लावणीत साप चावला तर लागणाऱ्या लशीचंही तेच. घोड्यांना पोसून त्यांच्या रक्तातून ती काढावी लागते, आणि गिऱ्हाईक बहुतेक गरीब. मुंबईच्या हाफकिनसारख्या सरकारी संस्थेनं ती बनवत राहणं म्हणूनच मोलाचं. ज्यांचं नाव त्या संस्थेला आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

आमच्या गडावर अंबरखाना आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्याच्या कोठ्यांची नावं. वेढा पडल्यावर बाजार भरत नाही, म्हणून राज्यकर्त्यानं धान्य आधी साठवायचं. औषधांचीही अशी कोठी हवी, आणि ती भरण्याचं काम राज्याचं. नफा असेल तिथं लोभच कायद्याच्या धाकात राहून रुग्णाचं काम करून देतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही आणि हारही घालायचं कारण नाही. धर्माची परीक्षा होते ती सेमाग्लुटाइडच्या गर्दीत नव्हे, पेनिसिलिनच्या रिकाम्या फळीपाशी.