राखणदाराचे नाव

वाचनाचे भाग : मार्क १५ : २१, २ तीमथ्य ४ : १४ ते १८.



बाळाच्या बाप्तिस्म्याचा दिवस जवळ आला म्हणजे आमच्या मंडळ्यांतून एक प्रश्न हटकून निघतो. मुलाचे नाव काय ठेवावे? कोणी म्हणतो, आजोबांचे नाव पुढे चालवावे. कोणी म्हणतो, शास्त्रातील नाव असावे. आणि कोणी शहरात ऐकलेले एखादे भारदस्त नाव घेऊन उपदेशकाकडे येतो व विचारतो की, याचा अर्थ चांगला आहे ना? अलेक्झांडर हे अशांपैकीच एक नाव होय. आज आपण त्याचाच विचार करू. कारण त्याचा अर्थ चांगला आहे इतके सांगून उपदेशकाचे काम संपत नाही.

हे नाव मूळचे ग्रीक आहे. आपल्या मराठी शास्त्रात ते आलेक्सांद्र असे लिहिले आहे. त्या भाषेत 'आलेक्सो' म्हणजे संकट परतवून लावणे, राखणे. आणि 'आनेर' म्हणजे पुरुष, मनुष्य. हे दोन शब्द जोडून मनुष्यांची राखण करणारा असा अर्थ होतो. आलेक्सी हे लहान नावही त्याच धातूपासून निघाले. आपल्या खेड्यांत ऐकू येणारे सिकंदर हे नाव निराळे वाटते, परंतु तेही हेच आहे. अरबी भाषेत नामाच्या आधी 'अल्' लावण्याची रीत असल्यामुळे या नावाचा आरंभीचा तुकडा गळाला, उरलेले इस्कंदर झाले व आपल्याकडे सिकंदर म्हणून आले. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाबरोबर प्रवास करणारा बिरुयाचा सोपत्र आहे. त्याच्या नावाचा अर्थ बापास तारणारा असा करतात. अशी नावे ग्रीक लोकांस प्रिय होती.

ग्रीकांसच का, आपल्या लोकांसही ती प्रिय आहेत. मात्र आपण ती दुसऱ्या वाटेने शोधली. ज्या घरी दोन-तीन लेकरे पाळण्यातच गेली, त्या घरी पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, कचरू, भिका असे ठेवण्याची चाल आपल्या मुलखात फार जुनी आहे. हेतू हा की, असले टाकाऊ नाव ऐकून मृत्यूने व दृष्टीने त्या बाळाकडे पाठ फिरवावी. शिकलेली माणसे या नावांस हसतात. आपण हसू नये. ज्या आईने लेकरू पुरले आहे, तिने दुसऱ्यास धोंडू म्हटले तर त्या हाकेत रडणे आहे. ग्रीक राजाने मुलास मनुष्यांचा रक्षक म्हटले आणि आपल्या कुणब्याने मुलास दगड म्हटले. परंतु माझे लेकरू जगावे ही इच्छा दोघांच्या पोटी एकच.

या इच्छेची साक्ष नाशिकजवळ खडकात कोरलेली आहे. मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगरात जी पांडवलेणी आहेत, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तेथील सतराव्या लेण्यात ब्राह्मी लिपीत एक प्राकृत लेख आहे. उत्तरेकडील दत्तामित्री या गावच्या धम्मदेव नामक यवनाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने हे लेणे, आतील चैत्यगृह व पाण्याची टाकी आपल्या मातापित्यांसाठी कोरविली, असा त्याचा आशय आहे. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक. या दानात इंद्राग्निदत्ताचा पुत्र त्याच्याबरोबर होता, आणि त्या पुत्राचे नावही लेखात आहे. ते नाव धम्मरखित. धर्माने राखलेला असा त्याचा अर्थ.

वाचकहो, हे ध्यानात घ्या. ज्या लोकांत आलेक्सांद्र हे नाव जन्मले, त्याच लोकांपैकी एक घराणे नाशिकास आले, आणि मुलाच्या रक्षणाची इच्छा त्याने या देशाच्या बोलीत बोलून दाखविली. त्यास परके नाव लागले नाही. आणि आपल्यातील कोणी समजतो की, नाव परके असल्यावाचून ते ख्रिस्ती होत नाही! देवास मराठी कळते. रक्षित, अभय, शरण ही नावे बाप्तिस्म्याच्या पाण्यास काही कमी पवित्र नाहीत.

परंतु या दोन नावांत एक मोठे अंतर आहे, आणि आमचा आजचा सगळा उपदेश त्या अंतराविषयी आहे. धम्मरखित म्हणजे राखलेला. आलेक्सांद्र म्हणजे राखणारा. एका नावात बाप मुलासाठी मागणे करतो. दुसऱ्या नावात बाप मुलावर काम सोपवितो. आम्हांस वाटते, पुष्कळ आईबाप दुसरे नाव ठेवतात व मनात पहिल्याचा अर्थ धरतात. नाव मोठे ठेवले की मुलगा सुरक्षित झाला, जणू दंडात ताईत बांधला, अशी त्यांची समजूत असते. नाव हा ताईत नव्हे. ते नाव धारण करणारे लोक कसे निघाले, हे पाहिले म्हणजे खात्री पटेल.

या नावाचा जगात सर्वांत प्रसिद्ध पुरुष मासेदोनियाचा राजा. ख्रिस्तापूर्वी ३२६ साली तो सिंधू ओलांडून झेलम नदीवर पोरसाशी लढला. त्याच्या सहा वर्षे आधी, ३३२ साली, शास्त्रात ज्याचे नाव वारंवार येते त्या सोर नगरास त्याने सात महिने वेढा घातला; आणि नगर पडल्यावर सुमारे ३०,००० माणसे गुलाम म्हणून विकली गेली, असे आरियन नावाचा इतिहासकार लिहितो. नाव मनुष्यांचा रक्षक, आणि मनुष्ये बाजारात उभी!

आता शास्त्राकडे वळू. पौल तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एका आलेक्सांद्राचा उल्लेख करतो. तो धंद्याने तांबट होता. नाशिकच्या तांबट आळीत तांब्या-पितळेवर पडणारा हातोडा ज्याने ऐकला असेल, त्यास हा धंदा सांगावयास नको. ठोक्यामागून ठोका अचूक पाडून सपाट पत्र्याचा हंडा करणारा तो कारागीर असतो; त्याच्या हंड्यात घरादाराचे पाणी राहते. धंदा राखण्याचा, नावही राखणाऱ्याचे. परंतु या मनुष्याने आपणास पुष्कळ उपद्रव दिला, असे पौलास लिहावे लागले. दोष धंद्याचा नव्हता व नावाचाही नव्हता. नावाच्या आत माणूस नव्हता.

शेतकरी बंधूंनो, तुम्ही शेतात बुजगावणे उभे करता. त्यास सदरा असतो, डोक्यावर मडके असते, हात पसरलेले असतात. दोन दिवस पाखरे भितात. तिसऱ्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसून कणसे खातात. खरी राखण करणारा माळ्यावर चढतो, उन्हात बसतो, गोफण फिरवितो व घसा कोरडा होईपर्यंत ओरडतो. अर्थाप्रमाणे न वागणाऱ्याचे मोठे नाव हे शेतातले बुजगावणे होय.

मग राखण म्हणजे काय? त्याच अध्यायात पुढे पौल सांगतो की, न्यायासनापुढे त्याची पहिली सुनावणी झाली तेव्हा त्याच्या बाजूने कोणी आले नाही, सर्वांनी त्यास सोडले. परंतु प्रभू त्याच्याजवळ उभा राहिला. राखणे म्हणजे संकटातल्या मनुष्याच्या जवळ उभे राहणे. तरवार असो वा नसो, पैसा असो वा नसो, जवळ उभे राहणे सर्वांस शक्य आहे. स्वतः प्रभूने तेच केले.

शास्त्रात आणखी एक आलेक्सांद्र आहे. त्याने काय केले, हे शास्त्र सांगत नाही. त्याच्या बापाने काय केले, तेवढे सांगते. शिमोन कुरेनेकर रानातून येत होता, त्यास शिपायांनी वेठीस धरले व येशूचा वधस्तंभ त्याच्या खांद्यावर दिला. वेठ म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. ती आपल्या खुशीने कोणी करीत नसे. मार्क सांगतो की, हा शिमोन आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप. ज्या अर्थी मुलांची नावे सांगून बापाची ओळख दिली, त्या अर्थी ही मुले वाचणाऱ्या मंडळीस ठाऊक असली पाहिजेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात रूफाचे नाव आहे. तो हाच, असे पुष्कळ लोक समजतात. या घरी मुलास रक्षकाचे नाव होते, आणि बापाच्या खांद्यावर दुसऱ्याचे ओझे होते. मुलाने नावाचा अर्थ कोठून शिकावा? बापाच्या खांद्याकडे पाहून.

आता आपल्या जिल्ह्यातील गोष्ट सांगतो. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ साली सुरू झाले. पुढे १८५० नंतरच्या काही वर्षांत रेव्हरंड डब्ल्यू. एस. प्राइस यांनी नाशिकजवळ एक ख्रिस्ती वस्ती वसविली व तिचे नाव शरणपूर ठेवले. आज ती जागा नाशिक शहरात आली आहे व रस्त्यास तेच नाव आहे. यहोशवाच्या पुस्तकात आश्रयाची नगरे सांगितली आहेत, तसाच या नावाचा अर्थ आहे. समुद्रावर गुलामांची गलबते पकडून सोडविलेली आफ्रिकन मुले येथे आणून ठेवीत. त्यांस वाचन, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. ही मुले खरोखर राखलेली मुले होती. प्रत्येक जण धम्मरखित.

त्यांपैकी एक जेकब वेनराइट. त्याचे नाव ग्रीक नव्हते, आणि राखणदार असा त्याचा अर्थही नव्हता. १८७२ साली तो शरणपुरात शिकलेल्या आणखी काही तरुणांसह आफ्रिकेत डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस गेलेल्या मंडळीत होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचे काळीज झाडाखाली पुरले, तेव्हा जेकबने प्रेतसंस्काराची उपासना वाचली व झाडावर लेख कोरला. मग चुमा, सुसी, जेकब व त्यांचे सोबती यांनी तो देह खांद्यावर घेऊन हजार मैलांहून अधिक वाट तुडविली व १८७४ च्या आरंभी समुद्रकिनारा गाठला. वाटेत रोग होते, शत्रू होते, देह तेथेच पुरून टाकण्याचा सल्ला देणारेही भेटले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्या मुक्तिदात्याच्या मित्रास मूठमाती मिळाली, तेव्हा जेकब तेथे हजर होता. गुलामगिरीशी झगडलेल्या मनुष्याची अखेरची राखण गुलामगिरीतून सुटलेल्या मनुष्यांनी केली. शरणपुरात राखलेला, राखणारा झाला.

प्रियहो, ख्रिस्ती मनुष्याची हीच वाट आहे. एकशे एकविसाव्या स्तोत्रात ज्या राखणदाराचे गाणे आहे, त्याचा डोळा कधी लागत नाही. त्याने आपणास राखले ते कशासाठी? आपण दुसऱ्यास राखावे म्हणून.

आईबापांनो, तुम्ही मुलाचे नाव आलेक्सांद्र ठेवा, रक्षित ठेवा, अथवा आजोबांचे दगडू चालवा. आम्ही त्यात आड येत नाही. परंतु नाव ठेवून स्वस्थ बसू नका. देवीच्या रोगाने पूर्वी गावेच्या गावे ओस पडत. कोणत्या नावाने तो रोग भ्याला नाही, कोणत्या ताईताने हटला नाही. घरोघर फिरून लस टोचणाऱ्यांच्या हातून तो गेला, आणि १९८० साली तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. तुमच्या बाळास लशी वेळेवर द्या, पाणी उकळून द्या, मुलीस शाळेतून काढून लवकर उजवू नका. ही राखण होय. आणि मूल चालू-बोलू लागले म्हणजे त्यास नावाचा अर्थ सांगा, तो असा की, बाळा, तुला देवाने राखले आहे, आता तू कोणाची राखण करशील?

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावी कोणी विधवा असेल, जिच्या वाट्याच्या जमिनीवर दिरांचा डोळा आहे. कोणी मजूर असेल, जो कर्जापायी मुलास कामावर ठेवू पाहतो. तलाठ्याकडे, पंचायतीत, सावकाराच्या ओट्यावर त्यांच्याबरोबर जा. तुम्हांस तेथे बोलता आले नाही तरी चालेल. जवळ उभे राहा. पौलाच्या पहिल्या सुनावणीस कोणी आले नाही, असे आपल्या मंडळीविषयी लिहिण्याची पाळी कोणावर येऊ नये.

काइनास भावाविषयी विचारले, तेव्हा भावाची राखण आपल्याकडे नाही, असे म्हणून त्याने अंग झाडले. त्या दिवसापासून राखणदाराची ती जागा रिकामी आहे व देव माणूस शोधीत आहे. तुमच्या घरी येत्या रविवारी ज्या बाळाचे नाव घेतले जाईल, ते नाव कोणतेही असो, देव त्यास त्या जागेवर उभा करो. आमेन.