फोन आतल्या खोलीत ठेवला तरी

फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि आपण बाहेर टेबलाशी बसायचं, ही कामात मन लागण्याची जुनी, बिनखर्चाची युक्ती. पुष्कळजण अजूनही ती करतात. पण हल्ली फोन आत असला तरी त्याचं बोलणं बाहेर येतं. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात चौकटी उमटत राहतात: गॅस सिलिंडरची पोच, सोसायटीच्या ग्रुपवर टँकरची चौकशी, मावशीचं सुप्रभात, बँकेचा मेसेज. फोन कॉम्प्युटरला जोडला की मधली भिंत असून नसल्यासारखी होते.

ही जोडणी करून देणारी साधनं आता बरीच आहेत. मायक्रोसॉफ्टचं ‘फोन लिंक’ आहे, ॲपलनेही आपल्या उपकरणांसाठी २०१४ पासून अशी सोय दिली आहे. मला त्यातल्या त्यात आवडतं ते ‘केडीई कनेक्ट’. गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमात २०१३ मध्ये आल्बर्ट वाका याने ते सुरू केलं. मोफत, खुलं, आणि रीतभात पाळणारं. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर आले की दोघंही नेटवर्कवर आपली ओळख पुकारतात: माझं नाव हे, मला अमुक अमुक येतं. मग एकाने जोडीची विनंती करायची, दुसऱ्याने ती मान्य करायची. दोन्ही पडद्यांवर खुणेची तीच अक्षरं दिसतात का, हे आपण डोळ्यांनी पाहून घ्यायचं. त्यापुढचं सगळं बोलणं सांकेतिक रूपात, थेट दोघांमध्येच. मध्ये कुठल्या कंपनीचा सर्व्हर नाही. इंटरनेट गेलं तरी राउटर चालू असेल तर फोनमधला फोटो कॉम्प्युटरवर जातो.

याचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. एक मेसेज पाहायला फोन उचलला की त्या एका मेसेजवर कुणाची सुटका होत नाही. त्याच्या खाली दुसरा असतो, शेजारी लाल ठिपका असतो, आणि कशासाठी फोन घेतला होता हे आठवेपर्यंत चहा गार झालेला असतो. तोच मेसेज पडद्यावर आला तर वाचला, मोठ्या कीबोर्डवर उत्तर लिहिलं, चौकट मिटवली, संपलं. इथे मिटवली की फोनवरूनही जाते. कॉम्प्युटरवर गाणं चालू असताना फोन वाजला, तर गाणं आपण होऊन थांबतं. आणि फोन सोफ्याच्या फटीत गेला असेल तर कॉम्प्युटरवरून त्याला ओरडायला लावता येतं. या एका सोयीसाठी बाकीचं सगळं माफ करावं, असं मला कधीकधी वाटतं.

पण फोन आणि कॉम्प्युटर यांच्यामधलं अंतरही काहीतरी काम करत होतं. ते दिसत नव्हतं, म्हणून जोडताना कुणी त्याचा विचार केला नाही.

ओटीपीचंच बघा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना कार्डावरच्या आकड्यांखेरीज आणखी एक पडताळणी सक्तीची केली. पुढे बहुतेक ठिकाणी ही पडताळणी मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होऊ लागली. त्यातली सगळी मेख अशी, की कॉम्प्युटर कुणाच्या ताब्यात गेला तरी फोन वेगळा असतो. आता ओटीपीही कॉम्प्युटरवरच दिसू लागला, तर तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या आपण एकाच खिळ्याला अडकवल्या. अँड्रॉइड बनवणाऱ्यांच्याही हे लक्षात आलं असावं. २०२४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १५ पासून ओटीपी असलेल्या सूचनांचा मजकूर अशा बाहेरच्या ॲपपासून झाकला जातो. काही लोकांना तो अडथळा वाटतो आणि ते चिडतात. मला तो अडथळा हवासा वाटतो.

दुसरं उदाहरण ऑफिसातलं. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला, भिंतीवर तिमाहीचे आकडे, आणि त्या आकड्यांवर येऊन बसतं, “पोट बरं आहे का आता?” लिहिणाऱ्या माणसाने ते एकाच जोडी डोळ्यांसाठी लिहिलेलं असतं. संमती घेतली ती फोनची आणि कॉम्प्युटरची. ज्यांचे शब्द त्या वाटेने आले, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून जोडणी झाल्यावर जे काम उरतं, तेच मला महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच आपण टाळतो. केडीई कनेक्टच्या सेटिंगमध्ये गेलं तर प्रत्येक सोयीला वेगळं बटण आहे. सूचनांच्या आत आणखी एक यादी आहे, फोनमधल्या एकूण एक ॲपची. कुणाची सूचना पलीकडे जाऊ द्यायची ते एकेक करून ठरवता येतं. सूचना जाऊ द्यायची, पण मजकूर झाकून, असंही करता येतं. यादी लांबलचक असते, कंटाळवाणी असते, पण ती वर-खाली करताना एका प्रश्नातून सुटका नसते: माझं अर्धवट वाक्य कुणासाठी मोडावं? गावी एकटे राहणारे वडील, हो. मुलीची शाळा, हो. दहा मिनिटांत किराणा पोचवणारं दुकान? ते रोज आपल्याला नावाने हाक मारतं खरं, पण हाक मारायला तिथे कुणी बसलेलंच नसतं. मी माझ्यापुरता एक ठोक नियम केला: जे माणसाने लिहिलेलं नाही, ते टेबलापर्यंत येऊ द्यायचं नाही. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज तेवढा अपवाद. नियम लावल्यावर कळलं, की त्या लांब यादीत माणसं अगदी थोडी आहेत.

केडीई कनेक्टची जोडी निदान त्याच वायफायपुरती असते. घराबाहेर पडलं की बोलणं थांबतं. व्हॉट्सॲपचं तसं नाही. २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप आलं तेव्हा फोन चालू आणि इंटरनेटवर असावा लागे. २०२१ पासून तीही अट हळूहळू गेली. आता फोन बंद करून कपाटात ठेवला तरी जोडलेला कॉम्प्युटर मेसेज घेत राहतो, आणि असे चारपर्यंत कॉम्प्युटर जोडता येतात. आपल्याकडे तर झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रिंट काढायला सर्रास व्हॉट्सॲप तिथल्या कॉम्प्युटरवर उघडलं जातं. मागे रांग असते, दुकानदार घाईत असतो, प्रिंट हातात पडते आणि आपण निघतो. लॉग आउट केलं का, हे घरी पोचल्यावरही आठवत नाही.

आज कामाला बसण्याआधी फोनवर व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून पाहा. जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं नाव आणि तो शेवटचा कधी वापरला गेला, ते तिथे लिहिलेलं असतं. ओळखीचा नसेल त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. त्यासाठी दुकानापर्यंत जावं लागत नाही.