गाडी माझी, सही कोणाची?

फोर बाय फोर गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "मग, पुढे काय काय बसवणार?" जणू शोरूममधून आणली ती गाडी नव्हेच, नुसता कच्चा माल. उंच करायची, जाड टायर टाकायचे, पुढे लोखंडी बंपर, वर दिव्यांची पट्टी. दुसरा गट म्हणतो, कंपनीनेच ऑफ-रोडिंगचं सगळं सामान बसवून दिलेलं मॉडेल घ्या आणि हात लावू नका. दोघांचा वाद बहुतेक वेळा पैशांवर आणि वॉरंटीवर येऊन थांबतो. मला मात्र हा प्रश्न हिशेबाचा कमी आणि नीतीचा जास्त वाटतो. या गाडीमुळे उद्या काही झालं, तर उत्तर कोण देणार?

आधी वस्तू समजून घेऊ. साध्या गाडीच्या एक्सलवर डिफरेंशियल असतं. वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. पण एक चाक चिखलात किंवा हवेत गेलं की इंजिनची सगळी ताकद त्याच निरुपयोगी चाकात फिरत राहते. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतो. अमेरिकेत जीपवाले वर्षानुवर्षं बाहेरून लॉकर आणून बसवत. मग 2003 सालच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन्ही लॉकर कारखान्यातूनच आले. आपल्याकडे फोर्सची गुरखा दोन्ही लॉकर आणि स्नॉर्कलसकट मिळते. म्हणजे 'कंपनीचं पॅकेज' हे बऱ्याचदा हौशी लोकांनी गॅरेजमध्ये केलेल्या उद्योगांचंच पुढचं, शिकलेलं रूप असतं. मॉडिफिकेशनला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हा उपकार विसरू नये.

फरक कुठे पडतो ते फोर्ड ब्रॉन्कोच्या 'सॅस्क्वॉच' पॅकेजमध्ये छान दिसतं. त्यात 35 इंची टायर येतात, पण टायर एकटे येत नाहीत. मोठा टायर म्हणजे एका फेरीत जास्त अंतर, म्हणजे इंजिनवर जास्त ओझं, म्हणून फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर 4.7 केलेलं असतं. चाकाला हलायला जागा हवी म्हणून सस्पेन्शन वेगळं आणि मडगार्डचे काठ रुंद. एक गोष्ट बदलली तर आणखी कोणकोणत्या गोष्टी बदलाव्या लागतील, याचा विचार कुणीतरी पगार घेऊन केलेला असतो.

आता हेच आपल्याकडच्या जिम्नीवर करून बघा. तिचा टायर 195/80 आर 15, व्यास साधारण 693 मिलिमीटर. त्याजागी 235/75 आर 15 टाकला तर व्यास होतो सुमारे 733. जवळपास सहा टक्के वाढ. मीटरवर 80 दिसतं तेव्हा गाडी त्या हिशेबाने 84-85 ने धावत असते. मीटर मुळात थोडा जास्तच वेग दाखवतो, हे धरलं तरी ती सूट आपण खाऊन टाकली. ब्रेक तेच, चाक जड. वर दोन इंचांचा लिफ्ट किट लावला की आणखी गमती सुरू होतात. जिम्नीचा पुढचा एक्सल सलग दांड्यासारखा आहे आणि तो आडव्या पॅनहार्ड रॉडने जागेवर धरलेला असतो. बॉडी वर गेली की त्या रॉडचा कोन बदलतो आणि एक्सल थोडा एका बाजूला सरकतो. कॅस्टर कमी होतो, म्हणून स्टिअरिंग सरळ रेषेत स्वतःहून परतायला आळस करतं. ब्रेकचे पाइप ताणले जातात. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे, आणि चांगला मिस्त्री ते करतोही. पण 'सगळे केले का' हे कुणी तपासलं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दुसऱ्याने लिहिलेल्या लायब्ररीत शिरून दोन ओळी बदलण्याचा मोह रोज होतो. बदल चालतो, डेमो होतो, टाळ्या पडतात. पण त्या क्षणापासून ती लायब्ररी मूळ लेखकाची राहत नाही. तिच्या टेस्ट आता माझ्या कोडबद्दल काहीच सांगत नसतात. मला वाटतं, मॉडिफिकेशनचा खरा अर्थ हाच आहे: कुणीतरी केलेल्या चाचण्या रद्द करणं. त्यात पाप काही नाही. पण रद्द झालेल्या चाचण्या आता कुणाच्या अंगावर आल्या, एवढं तरी माहीत हवं.

स्नॉर्कल घ्या. 2020 च्या थारसाठी कंपनी सांगते की ती 650 मिलिमीटर पाण्यातून जाईल. 2021 च्या गुरखाचा आकडा 700. आपण समजतो की हा आकडा हवा घेणाऱ्या नळीच्या उंचीचा आहे. तो अख्ख्या गाडीचा आहे. डिफरेंशियलचे ब्रीदर, वायरिंगचे जोड, दारांची रबरं, या सगळ्यांत जे सगळ्यात आधी हार मानेल त्याचा. बाहेरून स्नॉर्कल लावला की इंजिन उंचावरून श्वास घेतं, बाकीची गाडी होती तिथेच. आणि नवा आकडा कुणीच देत नाही. दुकानदार म्हणतो, "आता बिनधास्त घाला." बिनधास्त हे काही माप नाही. कंपनीच्या पॅकेजमध्ये मी पैसे मोजतो ते नळीचे किंवा लोखंडाचे कमी आणि त्या आकड्याचे जास्त, कारण त्याच्यामागे कुणाचं तरी नाव आहे आणि तो खोटा निघाला तर मला दार ठोठावता येतं.

हे मी पुण्याबाहेरच्या एका गॅरेजवाल्याला सांगितलं. त्याने स्पॅनर पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, कंपनी सगळ्यांसाठी गाडी बनवते. आम्ही तुमच्यासाठी बनवतो."

या वाक्याने मला बरेच दिवस छळलं, कारण ते खरं आहे. कारखान्याचा माणूस ज्याच्यासाठी गाडी आखतो तो सरासरी माणूस कुठेच राहत नाही. दोन्ही पाय अधू असलेल्या माणसाच्या गाडीत हाताने चालवायचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर बसवतात, तेही मॉडिफिकेशनच आणि त्याहून न्याय्य बदल मला सुचत नाही. कायद्यालाही ते कळतं. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत अशा 'अनुकूलित' वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तेव्हा 'मूळ ते पवित्र' हा विचार मला पटत नाही. कंपनीचंच घ्या म्हणणाऱ्यांत एक आळसही असतो: तिने विचार केलाय, आता मला करायची गरज नाही. डिसेंबर 2023 मध्ये लाहौलमध्ये ट्रॅफिक टाळण्यासाठी एकाने थार थेट चंद्रा नदीत घातली, पोलिसांनी चलान फाडलं. गाडीची क्षमता कारखान्याने दिली असेल, पण नदीत घालायचा निर्णय कारखान्यात झालेला नव्हता.

मग रेघ कुठे ओढायची? मी ती 'मूळ' आणि 'बाहेरचं' यांच्यात ओढत नाही. बदलाची जोखीम कुणावर पडते, तिथे ओढतो. खालून स्किड प्लेट लावली, टोइंगचा हुक मजबूत केला, हवा भरायचा कॉम्प्रेसर ठेवला, तर फसलं तरी बहुतांशी माझंच फसेल. पुढे जाड लोखंडी बुल बार लावला तर गोष्ट बदलते. गाडीचं नाक चुरगळण्यासाठीच आखलेलं असतं, आणि एअरबॅगचे सेन्सर त्या चुरगळण्याच्या हिशेबाने जुळवलेले असतात. बारमुळे माझा रेडिएटर वाचेल आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचं मांडीचं हाड मोडेल. त्या माणसाला कुणी विचारलेलं नाही. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा "सरकारला आमचीच हौस दिसते" असं म्हणणारे बरेच भेटले. त्यांचा राग समजू शकतो, मुद्दा नाही.

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 52 चा अर्थ लावताना सांगितलं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. निकालाचा हेतू सुरक्षेचा आहे आणि तो मला मान्य आहे. त्रास वेगळाच आहे. ऑस्ट्रेलियात हौशी माणूस गाडी उंच करतो, आणि बदल मोठा असेल तर मान्यताप्राप्त इंजिनिअर तो तपासून प्रमाणपत्र देतो. म्हणजे सही करणारा माणूस सापडतो. आपल्याकडेही सीएनजीबाबत हे जमलेलं आहे: किट मान्यताप्राप्त, बसवणारा अधिकृत, आरटीओत नोंद. गॅसचा सिलिंडर डिकीत ठेवायला आपण रीतसर वाट काढली, मग दोन इंचांच्या स्प्रिंगला का नाही? वाट नाही म्हणून लोक थांबत नाहीत. ते पासिंगच्या आदल्या दिवशी जुने टायर लावतात आणि दुसऱ्या दिवशी नवे. सही नसलेल्या गाड्या रस्त्यावर तशाच धावतात, फक्त त्याबद्दल बोलायचं नसतं. विम्याच्या फॉर्मवर तर नाहीच.

आमच्या घरात हा वाद पुस्तकी नव्हता. भोरच्या पुढे, वरंध घाटाच्या अलीकडे आमचं गाव. पावसाळ्यात शेवटचे दोन किलोमीटर म्हणजे लाल चिखल आणि वरून घसरून आलेले दगड. आजी तिथेच राहते आणि तिथून हलायचं नाव काढत नाही. महिन्यातून एकदा तिला डॉक्टरकडे न्यावं लागतं आणि कधी रात्रीअपरात्री न्यावं लागलं तर, या एका विचारासाठी जिम्नी घेतली. चुलतभावाने लगेच लिफ्ट किटची यादी पाठवली. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ओढ्यापाशी खालून दगड लागतो, दोन इंच मिळाले तर लागणार नाही.

"दादा, शेवटी गाडी गावासाठीच घेतलीय ना?" तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, आजीला आताच्या उंचीवर चढवून बघ. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. ती दाराला धरून उभी राहिली, एक पाय उचलला आणि परत ठेवला. "अरे, हत्ती आणलात का रे?" एवढंच म्हणाली.

शेवटी टायर मूळ मापाचेच घेतले, फक्त चिखलाला धरणाऱ्या नक्षीचे. कॉम्प्रेसर आणि ओढायचा पट्टा मागे ठेवला. ओढ्यातला तो दगड चुलतभावाने आणि शेजारच्या काकांनी पहारीने हलवला. एका सकाळचं काम होतं. आणि गाडीला बाहेरून एकच गोष्ट बसवली, डाव्या बाजूला आजीसाठी पायरी. तिच्यामुळे त्या बाजूची गाडी जमिनीच्या चार बोटं जवळ आली, म्हणजे ऑफ-रोडिंगच्या भाषेत आम्ही पैसे देऊन गाडी बिघडवली. ब्रॅकेट गावच्या वेल्डरने केलं. त्याच्याकडे आकडा मागितला तर तो हसला. मग मी, चुलतभाऊ आणि तो स्वतः, असे तिघं एकदम त्या पायरीवर उभे राहिलो, उड्या मारल्या, आणि दर महिन्याला वेल्डिंगचा जोड टॉर्चने बघायचा असं ठरलं. फोनमध्ये रिमाइंडर माझ्या नावावर आहे.